सिद्धेश्वर तलावाचा ८ फुटी पॅनोरमा : कठडा तुटतोय, क्षितिज लाटेसारखं दिसतंय. चुकतंय कुठं?

घाटकट्टा

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडून केलेला रुंद फोटो) एका दुकानाच्या भिंतीसाठी कॅनव्हासवर छापायचा आहे. माप ८ फूट बाय २ फूट. मधोमध मंदिर, एका टोकाला किल्ल्याचा तट आणि दुसऱ्या टोकाला घाट हवा. म्हणजे साधारण १२० अंश.

सामान : २४ मेगापिक्सलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, ५० एमएम एफ/१.८, १८-५५ किट लेन्स, ५५-२००, साधा ट्रायपॉड आणि बॉल हेड. कॅमेरा उभा धरण्यासाठी बॉल हेडच्या खाचेत आडवा पाडला होता. ५० एमएमवर १४ फ्रेम, एफ/११, एपर्चर प्रायॉरिटी, ऑटो व्हाइट बॅलन्स, जेपीजी, पोलरायझर लावलेला. जोडकाम हगिन या पॅनोरमा सॉफ्टवेअरमध्ये.

झालं असं : जवळच्या कठड्याचे गज जोडापाशी दोन-दोन दिसतात. क्षितिज डावीकडून चढतं, मध्ये वाकतं आणि पुन्हा उतरतं. आकाशात एका बाजूला गडद निळा पट्टा आहे, शिवाय फ्रेमागणिक उजेड कमीजास्त. पाण्यातले तरंग जोडावर कात्रीने कापल्यासारखे. शिखरावरचा ध्वज दोनदा आलाय. आणि घाटाची सरळ पायरी धनुष्यासारखी वाकलीय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच.

नोडल हेड (लेन्समधल्या ठरावीक जागेभोवती कॅमेरा फिरवणारं हेड) घेतल्याशिवाय हे सुटणार नाही का? आणि २०० एमएमने काढलं तर मंदिराचे बारकावे आणखी चांगले येतील का?

ओळंबा

दादा, तुमची अर्धी दुखणी हेडपाशी आहेत, सॉफ्टवेअरपाशी नाहीत. आधी कठडा बघू.

कॅमेरा फिरतो तो ट्रायपॉडच्या अक्षाभोवती. फिरायला हवा तो लेन्समधल्या एका ठरावीक जागेभोवती, जिला सगळे नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर ते लेन्सच्या समोरून दिसणारं एपर्चरचं भोक. तुम्ही कॅमेरा खाचेत पाडला की तो अक्षापासून बाजूला आठ-दहा सेंमी लटकतो आणि ते भोक अक्षाच्या पुढे सात-आठ सेंमी जातं. यातलं पुढचं अंतर जास्त नडतं.

हिशोब करा. १२० अंशांत १४ फ्रेम म्हणजे दर फ्रेमला सुमारे ८ अंश. ८ सेंमी त्रिज्येवर ८ अंश फिरल्यावर लेन्स ११ मिमी सरकते. ५० एमएमवर तुमच्या सेन्सरवर एका अंशात साधारण २२५ पिक्सल मावतात. म्हणजे ३ मीटरवरचा कठडा दूरच्या देखाव्याच्या तुलनेत ४८ पिक्सल हलतो, ८ फुटी प्रिंटवर अर्धा सेंमी. २० मीटरवरची वस्तू ७ पिक्सल, १०० मीटरवरची जेमतेम दीड. मंदिर जुळलं आणि कठडा फाटला, त्याचं कारण एवढंच.

म्हणून नोडल हेडवर पैसे घालण्याआधी जागा बदला. कठडा फ्रेममध्ये येणारच नाही असे पुढे सरका किंवा ट्रायपॉड त्याच्या वर उचला. तसाही तो कठडा प्रिंटवर धूसरच येणार. ५० एमएम एफ/११ ला दूरवर फोकस केला तर ३ मीटरवरची वस्तू खणखणीत येत नाही.

जवळचं काही ठेवायचंच असेल तर एल ब्रॅकेट आणि एक सरकपट्टी घ्या. अनेक ओळी काढणाऱ्या पूर्ण मल्टिरो हेडची गरज नाही. एल ब्रॅकेटमुळे उभा कॅमेराही अक्षाच्या बरोबर वर बसतो, सरकपट्टीने तो मागे घेता येतो. मापायची पद्धत अशी : मीटरभर अंतरावर ओळंब्याचा दोरा टांगा आणि तो दूरच्या दिव्याच्या खांबाशी एका रेषेत धरा. लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा. दोरा फ्रेमच्या डाव्या कडेला येईल असा कॅमेरा फिरवा, मग उजव्या कडेला. दोरा खांबावरच राहिला तर काम झालं. कॅमेरा उजवीकडे फिरवताना दोरा खांबाच्या डावीकडे सरकला, तर लेन्स अजून पुढे आहे, मागे घ्या. उजवीकडे सरकला तर जास्त मागे गेलीय, पुढे आणा. जागा सापडली की पट्टीवर मार्करने रेघ मारा. झूम लेन्सवर प्रत्येक फोकल लेंथची रेघ वेगळी येते, हे विसरू नका.

आता क्षितिज. बॉल हेडचं फिरणं बॉलच्या खाली असतं. पाय वाकडे असले तर बॉलने कॅमेरा सरळ केला तरी फिरण्याचा अक्ष तिरकाच राहतो. पहिली फ्रेम सरळ, पाचवी कललेली, दहावी उलट कललेली. बुडबुडा बघायचा तो ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, कॅमेऱ्याचा नव्हे. घाटाच्या उतरत्या पायऱ्यांवर पायांची लांबी एकेक करून जुळवणं म्हणजे डोकेदुखी. त्यापेक्षा बॉलच्या वर बसणारा फिरता क्लॅम्प घ्या. बॉलने क्लॅम्प समपातळीत आणायचा आणि त्यावर कॅमेरा फिरवायचा. नोडल हेडच्या मानाने खर्च बराच कमी.

मधला दांडा वर काढू नका. पाठीवरची बॅग त्याच्या हुकाला लटकवा, पण ती वाऱ्यात झुलू देऊ नका, जमिनीला टेकलेली बरी.

रेल्वेलाइन्स

ट्रायपॉडचा एवढा बाऊ कशाला? हिप्परगा तलावाच्या बांधावरून हातात धरून काढलेले पॅनोरमे सुद्धा साफ जुळतात की ओ. फोनसुद्धा काढतो.

ओळंबा

हिप्परग्याला जुळतात, कारण तिथं समोर पहिली वस्तूच शंभर मीटरच्या पुढे असते. पाणी, पलीकडचा काठ, आकाश, बस्स. हाताने पाच-सात सेंमी सरकलात तरी फरक पाच-सात पिक्सलचा, तोही सॉफ्टवेअर झाकतं. सिद्धेश्वरला पायाशी घाट, मध्ये पाणी, मग मंदिर आणि मागे शहर असे चार थर आहेत. तिथं हात चालत नाही. फोन तर चालता चालता बारीक पट्ट्या जोडतो. पडद्यावर ठीक, ८ फुटांवर चेहरे आणि खांब वितळल्यासारखे दिसतात.

सातरस्ता

ओळंबांच्या म्हणण्याशी सहमत, पण मापाचा घोळ कुणी पाहिलाच नाही. घाटकट्टा, तुमचं १२० अंश आणि ८ बाय २ हे ५० एमएमच्या एका ओळीत बसतच नाही.

१२० अंश गुणिले २२५ म्हणजे २७,००० पिक्सल रुंदी. ४ ला १ या प्रमाणात उंची हवी ६,७५०. उभ्या फ्रेमची उंची आहे ६,०००, आणि कडा छाटल्यावर हातात उरतात साडेपाच हजार. मग एक तर दोन ओळी काढा, नाही तर रुंदी ९५ अंशांवर आणा.

माझं मत विचाराल तर ५० बाजूला ठेवा आणि किट लेन्स ३५ एमएमवर लावा. उभ्या फ्रेममध्ये आडवे २५ अंश, उभे ३७ अंश मिळतात. अंशाला साधारण १५७ पिक्सल. १२० अंशांचे झाले १८,८०० पिक्सल, उंची लागते ४,७००, ती एका ओळीत आरामात बसते. ९६ इंचांवर भागलं तर इंचाला १९६ पिक्सल. दीड मीटरवरून बघणाऱ्या डोळ्याला इंचाला ६० च्या आसपासच कळतात. कुणी नाक लावून बघितलं तरी १९६ पुरतात.

झूम रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. ३५ चं ३४ झालं तर जोड बसत नाही आणि कारणही सापडत नाही. फोकस मंदिरावर ऑटोने घ्या, मग मॅन्युअल करून त्या रिंगलाही पट्टी. ट्रायपॉडवर कंपनरोधक बंद.

दर फ्रेमला १५ अंश फिरवा, ४० टक्के ओव्हरलॅप मिळतो. ९ फ्रेम घ्या, म्हणजे १४५ अंश हाती येतात आणि छाटायला जागा राहते. हेडवर अंश छापलेले नसतील तर फिरत्या तळाला कागदी पट्टी गुंडाळा. तळाचा व्यास ६० मिमी असेल तर घेर १८८ मिमी, त्याचे २४ भाग करा, एकेक भाग ७.८ मिमीचा. पेनाने रेघा मारा, झालं.

एक्स्पोजर मॅन्युअल, मंदिराच्या उजळ बाजूवर मोजलेलं. आयएसओ १००, एफ/८. एफ/११ ला या सेन्सरवर विवर्तनाने बारकावे मऊ व्हायला लागतात. जेपीजीऐवजी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल काढा. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर पक्का. सावल्या आपोआप उजळण्याचा पर्याय कॅमेऱ्यात बंद करा, नाहीतर तो प्रत्येक फ्रेम वेगळी शिजवतो. आणि पोलरायझर काढून ठेवा! सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वांत गडद करतो, बाकीचं तसंच राहतं. तुमचा निळा पट्टा तोच. सिंगल फोटोत शोभतो, रुंद पॅनोरमात डाग दिसतो.

२०० एमएमचं म्हणाल तर हौस म्हणून करा. फ्रेमची रुंदी साडेचार अंश. १२० बाय ३० अंशांसाठी ३९ उभे रकाने, ६ ओळी, २३४ फ्रेम. निघणारी फाइल १,०७,००० पिक्सल रुंद. जेपीजीला एका बाजूला ६५,५३५ च्या वर जाता येत नाही, म्हणजे ती जेपीजीत साठवताही येणार नाही. दुसरं म्हणजे आपली हवा. मार्च ते मे ऊन चढलं की पाणी आणि तापलेल्या दगडावरून हवा थरथरते. मंदिराची उभी रेघ एका फ्रेममध्ये डावीकडे झुकलेली, पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे. लांब लेन्स ती थरथरच मोठी करून दाखवते. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी २०० चालेल, पण ८ फुटी कॅनव्हासला त्यातला बहुतेक माल फेकूनच द्यावा लागेल.

घाटकट्टा

डोळे उघडले. ३५ एमएमचा विचारच केला नव्हता. पाण्याचं आणि वाकलेल्या पायरीचं कुणी सांगेल का? आणि ध्वजाचं?

हगिनकर

पायरीची चूक नाही, ती प्रक्षेपणाची गंमत आहे. सिलिंड्रिकल पॅनोरमा म्हणजे देखावा एका नळीच्या आत छापायचा आणि नळी उभी कापून सपाट करायची. उभ्या रेषा सरळ राहतात, क्षितिज सरळ राहतं, पण क्षितिजाच्या खाली-वर असलेली प्रत्येक आडवी सरळ रेघ वाकते. जितकी जवळ आणि जितकी लांबलचक, तितकी जास्त. पायाशी असलेली घाटाची पायरी म्हणून धनुष्य होते. रेक्टिलिनिअर म्हणजे साध्या फोटोसारख्या सपाट प्रक्षेपणात ती सरळ होईल, पण १२० अंशांत टोकाचा तट रबरासारखा ताणला जाईल. १०० अंशांच्या पुढे त्या वाटेला जाऊ नका. पानिनी प्रक्षेपण मधला मार्ग आहे, हगिनमध्ये आहे, बघा करून. पण खरा उपाय पुन्हा जागेचाच. ती पायरी खालच्या कडेबाहेर ठेवा, वाकलेली रेघच राहत नाही.

आता जोडकाम. रॉ फाइली सगळ्या एकाच सेटिंगवर १६ बिट टिफ करा. कडांचा काळेपणा आणि रंगांची किनार रॉ सॉफ्टवेअरमध्ये काढा. विकृती सुधारणा मात्र बंद ठेवा, ते काम हगिनला लेन्सच्या आकड्यांतून करू द्या. दोघांनीही ते करायचं ठरवलं तर भांडण होतं.

कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममधली जुळणारी ठिकाणं) आपोआप शोधून झाले की एकेक जोडी उघडा आणि पाण्यावरचा प्रत्येक पॉइंट उडवा. तरंग दोन फ्रेममध्ये सारखे नसतात, सॉफ्टवेअरला मात्र चकाकीचे ठिपके सारखे वाटतात आणि त्यांच्या नादी लागून ते सगळी फ्रेम वाकडी करतं. ढगांचेही काढा, त्यासाठी सेलेस्ट नावाची सोय आतच आहे. ध्वज, झाडाची फांदी, होडी, माणसं यांचेही. उरलेले पॉइंट मंदिर, तट, घाट, इमारती अशा न हलणाऱ्या वस्तूंवर हवेत. टोकाच्या फ्रेमांत नुसतंच पाणी आणि आकाश असेल तर दूरच्या काठावर हाताने पाच-सहा पॉइंट द्या.

मग सरळपणा. क्षितिजापेक्षा उभ्या रेघांवर भरवसा ठेवा. दिव्याचा खांब, मंदिराचा खांब, इमारतीची कड असं काहीतरी तीन-चार वेगवेगळ्या फ्रेममध्ये शोधा. प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या टोकावर त्याच फ्रेममध्ये जोडी देऊन प्रकार 'उभी रेघ' निवडा. पुन्हा ऑप्टिमाइझ करा. लाट जाते. तलावाचा काठ क्षितिज समजू नका, तो जवळ-लांब असतो, त्यामुळे कॅमेरा सरळ असूनही तिरका दिसतो. सरासरी फरक एक-दोन पिक्सलच्या आत आला की थांबा. दहाच्या वर असेल तर सर्वांत वाईट पॉइंट कोणत्या वस्तूवर आहेत ते बघा. बहुतेक वेळा जवळचा कठडाच सापडतो.

पाण्याला दोन इलाज. शटर लांब ठेवलं तर तरंग पुसट होतात आणि जोड दिसतच नाही. सूर्योदयाच्या जरा आधी एफ/८, आयएसओ १०० ला एक-दोन सेकंद आपोआप मिळतात, फिल्टर नको. कोवळं ऊन आल्यावर ६ स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड सहा वेळा अर्धा करणारा राखाडी फिल्टर : सेकंदाच्या तिसाव्या भागाचं दोन सेकंद होतं. लांब एक्स्पोजरची नॉइज कमी करणारी सोय बंद करा, ती प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ खाते. पहाटे उजेड भराभर वाढतो, नऊ फ्रेमची एक फेरी मिनिटाच्या आत संपली पाहिजे. दुसरा इलाज वारा नसलेली वेळ. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा पाणी सतत कुरतडत असतो, त्या दिवसांत प्रतिबिंबाचा नाद सोडा.

दोन सेकंदांत ध्वज मात्र धुरासारखा येतो. म्हणून लगेच दुसरी फेरी, आयएसओ वाढवून जलद शटरने, फक्त मंदिराच्या फ्रेमची. आयएसओ आणि शटर सोडून कशालाही हात लावायचा नाही. नंतर मास्कने ध्वज आणि माणसं या फेरीतली, पाणी पहिल्या फेरीतलं. घाटावर माणसं फिरत असतील तर त्या फ्रेमच्या तीन-तीन प्रती घ्या, अर्धवट कापलेला माणूस मास्कने पुसता येतो. ध्वजाचा दुहेरीपणा टाळायचा सोपा उपाय म्हणजे तो ओव्हरलॅपमध्ये येऊच द्यायचा नाही. फ्रेम २५ अंश, पाऊल १५ अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे मधले पाच अंशच फक्त तिचे एकटीचे. शिखर त्या पाच अंशांत बसवा.

पार्कचौक

परवानगीचं आधी बघून घ्या. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आत ट्रायपॉड लावायचा तर पूर्वपरवानगी लागते. मंदिराच्या आवारात लावायचा असेल तर देवस्थानच्या कार्यालयात विचारा. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ट्रायपॉडचे तीन पाय पसरायला जागाच मिळणार नाही, तारीख ठरवताना लक्षात असू द्या. ड्रोनचा विचार असेल तर होटगी रस्त्याचा विमानतळ शहराला लागूनच आहे, ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवू नका.

रोल४४

छपाईचं राहिलं. ८ बाय २ हे दिसणाऱ्या पृष्ठाचं माप. चौकटीवर कॅनव्हास मागे वळवायला प्रत्येक बाजूला २ इंच लागतात, म्हणजे छापायचं १०० बाय २८ इंच. २४ इंची रोल चालणार नाही, ४४ इंचीच लागेल. छापणाऱ्याला आधीच विचारा, नाहीतर तो मंदिराचा कळस चौकटीच्या वरच्या पट्टीवर वळवून देईल.

हे वाढीव माप सातरस्तांच्या ३५ एमएममध्ये बसतं : १०० इंचांना १९,६०० पिक्सल म्हणजे १२५ अंश, २८ इंचांना साधारण ५,५०० पिक्सल. उंचीत फारशी सवड नाही, त्यामुळे कॅमेरा उचलून-वाकवून घेऊ नका, क्षितिज फ्रेमच्या मधोमधच राहू द्या. आकाश आणि पाणी सारखं येईल, चालतंय, खाली प्रतिबिंब आहेच.

१६ बिट टिफ साडेसहाशे एमबीच्या आसपास होईल, ती घरी ठेवा. छापायला ८ बिट, एसआरजीबी, चपटी (सगळे थर एक) केलेली टिफ द्या. शार्पनिंग पूर्ण मापावर, १०० टक्के बघून. कॅनव्हासचं विणकाम बारीक तपशील खातं, त्यामुळे पडद्यावर थोडं जास्तच वाटेल इतपत ठेवा. सावल्या पडद्यापेक्षा अर्धा स्टॉप उजळ. आधी मंदिराचा तुकडा आणि एका जोडाचा तुकडा असे १२ इंच रुंद नमुने त्याच कॅनव्हासवर काढून घ्या. आकाशात पट्टे दिसले तर मूळ टिफमध्ये जरा दाणे मिसळा.

घाटकट्टा

ठरलं तर. किट लेन्स ३५ ला पट्टी लावून, ९ फ्रेम, १५ अंश, एफ/८, कठडा बाहेर, पोलरायझर घरी. बॉलवरचा फिरता क्लॅम्प मागवतो. फेरी डावीकडून सुरू करतो आणि मंदिर येईल तिथं येईल, मोजून बघतो.

हगिनकर

येईल तिथं नको. उलटं करा. आधी शिखर पडद्याच्या बरोबर मधल्या रेघेवर घ्या, तिथं पट्टीवर ५ लिहा, मग चार रेघा डावीकडे जाऊन १ पासून सुरुवात करा.